यीस्टपासून मिळणाऱ्या खाद्य-एन्झाइमची सुरक्षितता कशी तपासावी: क्रम, आकडेमोड आणि नेहमीच्या चुका

कोल्हापूर परिसरातील डेअऱ्या, काकवी भरणारे उद्योग आणि मिठाईचे कारखाने यांच्या खरेदी-यादीत यीस्टपासून काढलेली एन्झाइमे आता नियमित दिसू लागली आहेत. दुधातील लॅक्टोज फोडण्यासाठी लॅक्टेज, काकवीत साखरेचे खडे जमू नयेत म्हणून इन्व्हर्टेज आणि चीजसाठी यीस्टमधून तयार केलेले कायमोसिन ही त्यांतली ठळक नावे होत. त्यांची सुरक्षितता तपासताना मात्र दोन टोकाच्या चुका होतात. काही जण ‘यीस्ट तर आपण पावातून रोज खातो’ असे म्हणून तपासणी गुंडाळून ठेवतात. तर काही जण पुरवठादाराची फाइल येताच नमुना प्रयोगशाळेत पाठवतात, आलेला अहवाल फाइलला जोडतात आणि काम संपले असे समजतात. पहिल्या पद्धतीत प्रश्नच विचारला जात नाही आणि दुसऱ्या पद्धतीत न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

सुरक्षितता ‘लॅक्टेज’ या नावाची ठरत नसते. अमुक स्ट्रेनपासून (म्हणजे यीस्टच्या विशिष्ट वाणापासून), अमुक पद्धतीने बनवलेला आणि अमुक पदार्थात अमुक मात्रेने वापरला जाणारा तयार माल सुरक्षित आहे की नाही, एवढेच ठरवता येते. यांतील एकही गोष्ट बदलली, तर आधीचा निष्कर्ष आपोआप लागू राहत नाही. पुढील टप्प्यांचा क्रम याच कारणासाठी महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक टप्प्याचे उत्तर पुढच्या टप्प्यात काय तपासायचे ते ठरवते.

पूर्वतयारी: नमुन्याआधी कागद

प्रयोगशाळेचा विचार करण्यापूर्वी पुरवठादाराकडून पुढील माहिती लेखी मागवावी: उत्पादक यीस्टचे पूर्ण शास्त्रीय नाव आणि स्ट्रेनचा क्रमांक, तो स्ट्रेन ज्या मान्यताप्राप्त संवर्धन-संग्रहात ठेवला आहे त्याचा ठेव-क्रमांक, जनुकीय बदल झाला आहे किंवा नाही याचे स्पष्ट विधान, निर्मितीप्रक्रियेचा आराखडा आणि यीस्ट ज्यात वाढवतात त्या माध्यमातील घटकांची यादी, किमान तीन स्वतंत्र बॅचची विश्लेषण-प्रमाणपत्रे, आणि विषविज्ञानाच्या चाचण्या झाल्या असतील तर त्यांचे संपूर्ण अहवाल. चाचणी-अहवालाचा एकपानी गोषवारा चालत नाही, कारण सातव्या आणि नवव्या टप्प्यांत लागणारी माहिती गोषवाऱ्यात जवळपास कधीच नसते.

पुष्कळदा माल स्थानिक वितरकाकडून येतो आणि वितरकाकडे यांपैकी निम्मीही माहिती नसते. अशा वेळी गोपनीयतेचा करार करून ती थेट मूळ उत्पादकाकडून मागवावी. ‘हे आमचे व्यापारी गुपित आहे’ हे उत्तर माध्यमाच्या नेमक्या प्रमाणांपुरते समजून घेता येते. यीस्टच्या नावापुरते ते मान्य करू नये.

सावधान: तीन प्रमाणपत्रांवरचे सर्व आकडे दशांशापर्यंत तंतोतंत सारखे असतील, तर ती तीन बॅचची प्रमाणपत्रे नसून एकाच प्रमाणपत्राच्या तीन प्रती असण्याची शक्यता अधिक आहे. जिवंत पेशींपासून बनणाऱ्या मालात थोडी तफावत असायलाच हवी.

१. वापर नेमका लिहून काढणे

कोणत्या पदार्थात, प्रक्रियेच्या कोणत्या पायरीवर, किती मात्रेत आणि किती वेळ एन्झाइम वापरले जाणार, हे एका परिच्छेदात लिहावे. त्यानंतर सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारावा: तयार पदार्थात एन्झाइम कार्यरत राहणार आहे का?

क्लुइव्हरोमायसिस लॅक्टिस या यीस्टपासून मिळणारे लॅक्टेज साधारण ६.५ ते ७ सामूला आणि ३५ ते ४० अंश सेल्सिअसला उत्तम काम करते. दूध आधी या एन्झाइमने प्रक्रिया करून मग पाश्चराइझ केले, तर ते निष्क्रिय होते. परंतु अतिउच्च तापमानाला तापवलेल्या दुधात, भरण्याच्या वेळी, निर्जंतुक गाळलेले लॅक्टेज सोडण्याचीही पद्धत आहे आणि तेथे ते पाकिटात पुढेही काम करत राहते. भरणयुक्त चॉकलेटमधील इन्व्हर्टेजचेही तसेच आहे; ते आत राहून साखर फोडत राहावे यासाठीच घातलेले असते. पहिल्या प्रकारात एन्झाइम हे प्रक्रिया-साहाय्यक ठरते. उरलेल्या दोन प्रकारांत ते खाद्य-योजक मानायचे का, हा प्रश्न उभा राहतो. कायदा आणि लेबल या दोन्हींची वाट येथूनच फुटते.

निष्क्रिय झालेले एन्झाइम नाहीसे होत नाही, हेही याच टप्प्यावर लक्षात ठेवावे. प्रथिनाची घडी मोडली तरी ते प्रथिन आणि त्याच्यासोबत आलेले सर्व घटक पदार्थातच राहतात.

२. यीस्टची ओळख पक्की करणे

नावांचा घोळ येथे फार आहे. जुन्या कागदपत्रांत क्लुइव्हरोमायसिस फ्रॅजिलिस असे नाव असेल तर ते आजचे क्लुइव्हरोमायसिस मार्क्सियानस होय. पिचिया पास्टोरिस या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक उत्पादक स्ट्रेनची आजची ओळख कोमागाटाएला फॅफी अशी आहे. म्हणून नाव जुळत नाही एवढ्यावरून फाइल परत करू नये. आणि नाव जुळते एवढ्यावरून ती स्वीकारूही नये. ओळख रायबोसोमच्या जनुकांतील डी१/डी२ आणि आयटीएस या प्रजाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या भागांच्या अनुक्रमावरून, आणि शक्यतो संपूर्ण जनुकसंचाच्या अनुक्रमावरून पटवलेली असावी. केवळ साखरेच्या किण्वनाच्या चाचण्यांवरून पटवलेली ओळख आज पुरेशी मानता येत नाही.

ओळख पटल्यावर त्या प्रजातीचा सुरक्षित वापराचा पूर्वेतिहास पाहावा. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरण, म्हणजे ईएफएसए, २००७ पासून ‘क्यूपीएस’ ही पूर्वमान्य सूक्ष्मजीवांची यादी चालवते. तिच्यात सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, क्लुइव्हरोमायसिस लॅक्टिस आणि क्लुइव्हरोमायसिस मार्क्सियानस आहेत. कोमागाटाएला फॅफीला एन्झाइम-उत्पादनापुरती जागा आहे. लायपेज या मेद फोडणाऱ्या एन्झाइमसाठी वापरल्या जाणाऱ्या कॅन्डिडा वंशातील यीस्टची नेमकी प्रजाती मात्र यादीत आहे का ते पाहावे; नसल्यास तिच्या बाबतीत सातवा टप्पा पूर्णच करावा लागतो.

तपासून पाहा: यादी प्रजातीला मान्यता देते. तुमच्या हातातील माल त्या प्रजातीचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी यादी घेत नाही.

३. जनुकीय बदल झाला आहे का?

यीस्टमधून येणारे कायमोसिन हे वासराच्या जनुकाची प्रत यीस्टमध्ये घालून बनवलेले असते. लॅक्टेज मूळ यीस्टचेही असू शकते किंवा उत्पादन वाढवण्यासाठी बदललेल्या स्ट्रेनचेही. ‘अंतिम मालात जीएमओ (जनुकीय बदल केलेला जीव) नाही’ हे वाक्य या प्रश्नाचे उत्तर नव्हे. उत्पादक जीव बदललेला आहे का आणि तयार मालात त्याचे काही उरते का, असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

बदललेला असल्यास कोणते जनुक घातले, ते कोठून घेतले, ते जनुकसंचात स्थिर आहे का आणि बदललेल्या पेशी ओळखण्यासाठी घातलेले प्रतिजैविक-प्रतिकाराचे खूण-जनुक शिल्लक आहे का, हे पाहावे. त्यानंतर मालात उत्पादक पेशी आणि तिचा डीएनए उरलेला नाही याचा पुरावा मागावा. ईएफएसएच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार त्यासाठी किमान तीन स्वतंत्र बॅचमधून किमान नऊ नमुने, प्रत्येकी किमान १ ग्रॅम किंवा १ मिलीलिटर, घ्यावे लागतात. आणि डीएनएच्या पीसीआर चाचणीला, म्हणजे डीएनएच्या अनेक प्रती करून तो शोधणाऱ्या चाचणीला, ग्रॅममागे १० नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी डीएनए ओळखता आला पाहिजे. चाचणीपूर्वी नमुन्यात मुद्दाम थोडा डीएनए मिसळून तो सापडतो का, हे पाहिलेले असावे. ग्लिसरॉल, क्षार आणि प्रथिने पीसीआरला अडथळा करतात, त्यामुळे ‘आढळले नाही’ या शब्दांचा अर्थ कधी कधी केवळ ‘चाचणी चालली नाही’ एवढाच असतो.

४. कायद्यातील जागा शोधणे

हा टप्पा पुष्कळ जण सर्वांत शेवटी ठेवतात आणि महिनोन्महिने काम केल्यावर एन्झाइम यादीतच नसल्याचे त्यांना कळते. भारतात अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याखालील २०११ च्या अन्नपदार्थ मानके व खाद्य-योजक विनियमांच्या परिशिष्टात प्रक्रिया-साहाय्यकांचे तक्ते आहेत. एन्झाइम पाहताना नावासमोरचा स्रोतही वाचावा. तेच लॅक्टेज बुरशीपासूनही मिळते आणि यीस्टपासूनही. एका स्रोताची नोंद दुसऱ्याला लागू पडत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, वेळोवेळी दुरुस्त्या करत असल्याने कार्यालयातील जुनी छापील प्रत न वापरता अद्ययावत आवृत्तीच पाहावी.

नोंद नसल्यास २०१७ च्या अ-विनिर्दिष्ट अन्न व घटक मान्यता विनियमांखाली अर्ज करावा लागतो. नवी प्रक्रिया-साहाय्यके आणि त्यांत एन्झाइमे, असा स्पष्ट उल्लेख त्यांत आहे. स्ट्रेन जनुकीय बदल केलेला असेल, तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियमही पाहावे लागतात. स्थानिक अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात परवान्याचे काम होते. नव्या एन्झाइमची मान्यता तेथे मिळत नाही, हे माहीत असावे म्हणजे हेलपाटे वाचतात.

५. निर्मितीप्रक्रिया ओळीओळीने वाचणे

येथे घाई करू नये. यीस्ट निरुपद्रवी असूनही मालात धोका येतो तो बहुधा याच वाटेने.

माध्यमापासून सुरुवात करावी. यीस्ट वाढवण्यासाठी मोलॅसिस वापरण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि साखरपट्ट्यातल्या माणसाला मोलॅसिस परक्या वस्तूसारखे वाटत नाही. नेमक्या त्याच ओळखीमुळे त्याच्याकडे दुर्लक्ष होते. मोलॅसिसमध्ये उसातून व प्रक्रियेतून आलेले धातू एकवटतात, सल्फिटेशन पद्धतीच्या कारखान्यातील मोलॅसिसमध्ये सल्फाइटचा अंश असू शकतो आणि हंगामागणिक त्याची रचना बदलते. त्यामुळे मोलॅसिस वापरणाऱ्या उत्पादकाकडून बॅचची प्रमाणपत्रे एकाच हंगामातील घेऊ नयेत. माध्यमात सोयाबीन, दूध किंवा गव्हापासूनचा घटक आहे का, ते आठव्या टप्प्यासाठी वेगळे टिपून ठेवावे. मांसजन्य पेप्टोन (मांसाच्या प्रथिनांपासून बनवलेले पोषक द्रव्य) असल्यास, शाकाहारी चिन्ह लावणाऱ्या उद्योगाने ते लपून राहील अशा भरवशावर राहू नये.

त्यानंतर एन्झाइम पेशीबाहेर येते की पेशीत राहते, ते पाहावे. क्लुइव्हरोमायसिस लॅक्टिसचे मूळ लॅक्टेज पेशीच्या आत असते, म्हणून ते काढण्यासाठी पेशी फोडाव्या लागतात आणि लॅक्टेजबरोबर पेशीतला सगळा बाजार बाहेर येतो: प्रथिने फोडणारे प्रोटिएज, न्यूक्लिइक आम्ले आणि इतर एन्झाइमे. प्रोटिएजमुळे साठवणीत दूध कडवट होऊ शकते. अरिलसल्फेटेज हे एन्झाइम उरले असेल, तर दुधातील संयुगांपासून क्रेसॉल मोकळे होऊन दुधाला गोठ्यासारखा वास येतो. या दोन्ही बाबी गुणवत्तेच्या आहेत, विषारीपणाच्या नव्हेत. परंतु शुद्धीकरण कितपत झाले आहे याची ती स्वस्त आणि बोलकी खूण आहे. पेशी विद्रावकाने फोडल्या असतील, तर विद्रावकाच्या अवशेषाची चाचणी मागावी. फेसनाशक, गाळणीचे साहित्य, टिकाऊपणासाठी घातलेली द्रव्ये आणि वाहक पदार्थ यांपैकी प्रत्येकाला खाद्य-वापराची मान्यता असली पाहिजे.

सावधान: इन्व्हर्टेजसारखी एन्झाइमे पेशीभित्तीच्या आतल्या बाजूच्या मोकळ्या जागेत साठतात, म्हणून ‘हे स्रवणारे एन्झाइम आहे, पेशी फोडलेल्याच नाहीत’ हे विधान नुसत्या तोंडी खुलाशावर मान्य करू नये. प्रक्रियेच्या आराखड्यात पेशी वेगळ्या करण्याची पायरी एन्झाइम काढण्याच्या आधी आहे की नंतर, यावरून ते तपासता येते.

६. रचना, टीओएस आणि मर्यादा

एन्झाइमच्या डब्यात शुद्ध एन्झाइम नसते. त्यात पाणी, ग्लिसरॉल किंवा माल्टोडेक्स्ट्रिनसारखे सौम्यक, क्षार आणि यीस्टपासून आलेले सर्व सेंद्रिय घनपदार्थ असतात. या शेवटच्या गटाला एकूण सेंद्रिय घनपदार्थ, म्हणजे टीओएस, म्हणतात आणि सुरक्षिततेची सारी आकडेमोड त्याच्यावर उभी असते. १०० मधून राख, पाणी आणि सौम्यक यांची टक्केवारी वजा केली की टीओएसची टक्केवारी मिळते.

डब्यावरील क्रियाशीलतेचा आकडा वेगळा. तटस्थ लॅक्टेज आणि आम्ल लॅक्टेज यांची एकके वेगवेगळ्या सामूला मोजलेली असतात, त्यामुळे एका मालाचे ‘५,०००’ आणि दुसऱ्याचे ‘५,०००’ यांची तुलना होऊ शकत नाही. त्याऐवजी टीओएसच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे किती क्रियाशीलता आहे, हे गुणोत्तर तीन बॅचसाठी काढावे. ते स्थिर असेल तर प्रक्रिया ताब्यात आहे. एका बॅचमध्ये ते घसरले असेल, तर तेवढ्याच क्रियेसाठी ग्राहकाच्या पोटात अधिक अपरिचित द्रव्य जाणार आहे.

आता प्रयोगशाळेची पाळी येते. जेक्फा, म्हणजे अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची संयुक्त तज्ज्ञ समिती, हिने २००६ मध्ये ठरवलेल्या सर्वसाधारण विनिर्देशांनुसार शिसे किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, साल्मोनेला आणि ई. कोलाय २५ ग्रॅममध्ये आढळू नयेत, एकूण कोलिफॉर्म ग्रॅममागे ३० पेक्षा अधिक नसावेत आणि सूक्ष्मजीवजन्य मालात जिवाणूरोधक क्रिया आढळू नये. यीस्ट हे बुरशीसारखे अफ्लाटॉक्सिन तयार करत नाही, म्हणून बुरशीजन्य एन्झाइमची चाचणी-यादी जशीच्या तशी उचलू नये. मात्र माध्यमात किंवा वाहकात धान्य, शेंगदाणा वा मका असेल तर ती चाचणी वेगळ्या कारणाने लागते. चाचणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त आणि एफएसएसएआयने अधिसूचित केलेल्या प्रयोगशाळेतच करावी, आणि त्या विशिष्ट चाचणीचा समावेश तिच्या मान्यतेच्या व्याप्तीत आहे का, तेही पाहावे.

तपासून पाहा: नमुना शीत साखळीत गेला का? द्रव लॅक्टेज थंड ठेवावे लागते. एप्रिल-मेमध्ये दिवसभर टेम्पोत तापलेल्या नमुन्याची क्रियाशीलता कमी आली, तर दोष मालाचा की वाहतुकीचा हे नंतर सांगता येत नाही.

७. विषविज्ञान: चाचणी हवी की नको, आणि झालेली चाचणी तुमच्या मालाची आहे का?

प्रजाती पूर्वमान्य यादीत असेल, जनुकीय बदलातून काही शंका उपस्थित होत नसेल आणि पाचव्या टप्प्यात प्रक्रियेतूनही काही निघाले नसेल, तर युरोपीय पद्धतीत प्राण्यांवरील चाचण्यांची गरज सहसा मानली जात नाही. अन्यथा तीन अहवाल पाहावेत: जिवाणूंमधील जनुक-उत्परिवर्तनाची एम्स चाचणी, म्हणजे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची चाचणी-पद्धत क्र. ४७१, सस्तन पेशींमधील सूक्ष्मकेंद्रक चाचणी, ओईसीडी ४८७, आणि उंदीरवर्गीय प्राण्यांवरील ९० दिवसांची तोंडावाटे चाचणी, ओईसीडी ४०८.

एम्स चाचणीत एन्झाइमचा एक खास सापळा आहे. या चाचणीत हिस्टिडीनशिवाय न वाढणारे जिवाणू वापरतात आणि उत्परिवर्तनामुळे वाढू लागलेल्या वसाहती मोजतात. यीस्टच्या अर्कात मोकळे हिस्टिडीन असतेच. ते जिवाणूंना आयते मिळाले की उत्परिवर्तन न होताही वसाहती वाढतात आणि निष्पाप माल दोषी दिसतो. म्हणून प्रथिनयुक्त नमुन्यासाठी जिवाणूंना नमुन्यात ठेवून, नंतर धुऊन, मगच थाळीवर पसरण्याची पद्धत वापरलेली असावी. अहवालात पद्धतीचे वर्णन नसेल, तर त्यातला ‘नकारात्मक’ आणि ‘सकारात्मक’ हा दोन्ही प्रकारचा निकाल बाजूला ठेवून खुलासा मागवावा.

९० दिवसांच्या चाचणीत ज्या सर्वोच्च मात्रेला अपायकारक परिणाम दिसला नाही ती मात्रा शोधावी, आणि ती मात्रा कशात मोजली आहे ते त्याहून अधिक काळजीपूर्वक शोधावे. चाचणीला दिलेली बॅच बहुधा सौम्यक न घातलेली, घट्ट केलेली असते. विक्रीचा माल तसा नसतो. चाचणी-बॅचचा टीओएस अहवालाच्या परिशिष्टात असतो. तो सापडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

८. ॲलर्जी: खाणाऱ्याची आणि हाताळणाऱ्याची

एन्झाइमच्या अमिनो आम्लांचा अनुक्रम ज्ञात ॲलर्जनांशी ताडून पाहावा. ८० अमिनो आम्लांच्या सरकत्या खिडकीत ३५ टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास पुढील विचार करावा, असा प्रचलित निकष आहे. साम्य आढळणे म्हणजे बंदी नव्हे. श्वासावाटे ॲलर्जी देणारी कित्येक एन्झाइमे अन्नावाटे सहसा त्रास देत नाहीत. मात्र पाचव्या टप्प्यात टिपलेले दूध, सोयाबीन आणि गहू यांचे अवशेष हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि लेबलवरील ॲलर्जी-घोषणेशी त्याचा थेट संबंध येतो. गव्हाचे पीठ वाहक म्हणून असलेले एन्झाइम ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात कळत-नकळत जाऊ शकते.

कामगारांचा धोका मात्र खरा आणि हमखास दुर्लक्षिला जाणारा आहे. पावडर स्वरूपातील एन्झाइमची धूळ वारंवार श्वासात गेली, तर दमा जडू शकतो. बेकरी कामगारांमध्ये स्टार्च फोडणाऱ्या अमायलेजमुळे असे होते हे चांगले ठाऊक आहे. छताचा पंखा चालू, पोत्याचे तोंड उघडे आणि स्टीलच्या डब्याने पावडर काढून वजनकाट्यावर ओतणे, हे दृश्य कोणत्याही लहान कारखान्यात दिसेल. शक्यतो द्रव किंवा दाणेदार स्वरूप घ्यावे. पावडरच असेल तर पंखा बंद ठेवून, कणरोधक मुखपट्टी लावून, हळू ओतावी आणि सांडलेली पावडर झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपावी.

९. आहारातील मात्रा आणि सुरक्षा-अंतर

सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून एक कल्पित उदाहरण पूर्ण करून पाहू. गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एखादी डेअरी लिटरमागे १ ग्रॅम द्रव लॅक्टेज वापरणार आहे असे धरू. त्या द्रवात ५० टक्के ग्लिसरॉल, ४३ टक्के पाणी आणि १ टक्का राख आहे, म्हणजे टीओएस ६ टक्के. दुधात लिटरमागे ६० मिलिग्रॅम टीओएस आले. १२ किलो वजनाचे मूल दिवसाला ६०० मिलीलिटर दूध पिते, तर त्याच्या पोटात ३६ मिलिग्रॅम, म्हणजे शरीरवजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम टीओएस जाते.

पण हीच डेअरी त्या दुधाची बासुंदीही करते. १ लिटर दूध आटून ४०० ग्रॅम बासुंदी होते. पाणी उडून जाते, टीओएस कढईतच राहतो. २०० ग्रॅम बासुंदीतून ३० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे आणखी २.५ मिलिग्रॅम. एकूण ५.५. आटवणे, वाळवणे आणि चक्का बांधणे या आपल्याकडच्या नेहमीच्या प्रक्रियांमुळे टीओएसची तीव्रता बदलते, आणि परदेशी फाइलमधील तक्त्यात या पदार्थांचा विचार केलेला नसतो. म्हणून पुरवठादाराचा आहार-अंदाज जसाच्या तसा न घेता आपल्या पदार्थांची यादी करून तो नव्याने मांडावा. प्रमाण सरासरी ग्राहकाचे न धरता भरपूर खाणाऱ्याचे धरावे, आणि मुलांचा हिशेब वेगळा करावा, कारण वजनाच्या मानाने ती अधिक दूध पितात.

आता पुरवठादाराचा अहवाल म्हणतो की किलोमागे २,००० मिलिग्रॅमपर्यंत अपाय दिसला नाही. २,००० ला ५.५ ने भागले की ३६४ हे सुरक्षा-अंतर, म्हणजे अपाय न दिसलेली मात्रा आहारातील मात्रेच्या किती पट आहे तो आकडा, येते. हे चूक आहे, कारण २,००० हा आकडा चाचणी-बॅचच्या वजनाचा आहे आणि ५.५ हा टीओएसचा. चूक लक्षात आल्यावर घाईने विक्रीच्या मालाचा ६ टक्के टीओएस लावला, तर १२० ला ५.५ ने भागून २२ येते आणि चांगला माल नाकारला जातो, हेही चूक. परिशिष्टात चाचणी-बॅचचा टीओएस ४० टक्के दिला आहे असे समजा. मग २,००० मिलिग्रॅम म्हणजे ८०० मिलिग्रॅम टीओएस आणि अंतर १४५. कागद तेच, उत्तरे तीन, आणि त्यांतले एकच खरे.

प्राण्यांपासून माणसापर्यंत १० पट आणि माणसामाणसांतील फरकासाठी १० पट, असे धरून १०० हा रूढ मापदंड वापरला जातो. १४५ त्याच्या वर आहे, पण फार वर नाही. उद्या याच दुधापासून कुल्फी आणि पेढे करायचे ठरले, तर हिशेब पुन्हा मांडावाच लागेल.

काकवीच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शुद्धीकरणाच्या पायऱ्यांतून गेलेल्या साखर-पाकात टीओएस जवळजवळ सगळा निघून जातो, म्हणून तेथे आहार-अंदाज कमी धरता येतो. काकवी अशा शुद्धीकरणातून जात नाही. तिच्यात घातलेले इन्व्हर्टेज पूर्णच्या पूर्ण बाटलीत जाते असे धरावे.

सावधान: एन्झाइमच्या क्रियेतून जे बनते त्याचाही विचार करावा. लॅक्टेजमुळे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज मोकळे होतात. लॅक्टोज न पचणाऱ्याला हे दूध सोसते, पण गॅलॅक्टोसिमिया (गॅलॅक्टोज न पचवता येण्याचा जन्मजात विकार) असलेल्या बाळाला ते वर्ज्यच आहे. ‘लॅक्टोजमुक्त’ या शब्दावरून पालकांचा गैरसमज होणार नाही, अशी मजकुराची रचना लेबलवर असावी.

१०. निर्णय लिहिणे आणि फेरतपासणीच्या अटी

निर्णय एका पानावर लिहावा: स्ट्रेन, प्रक्रिया-आवृत्ती, पदार्थ, कमाल मात्रा, टीओएस, आहार-अंदाज, सुरक्षा-अंतर आणि उरलेल्या शंका. ‘सुरक्षित आहे’ असे मोघम न लिहिता ‘या पदार्थांत, या कमाल मात्रेपर्यंत स्वीकारार्ह’ असे लिहावे. कमाल मात्रा उत्पादन विभागाच्या कार्यपत्रकावर उतरली पाहिजे, कारण हिवाळ्यात दूध गार असल्याने क्रिया मंदावली की मात्रा वाढवणे हा पाळीवरच्या माणसाचा पहिला आणि स्वाभाविक उपाय असतो. तेथे तापमान किंवा वेळ वाढवण्याचा पर्याय कार्यपत्रकातच दिलेला असावा.

खरेदी-करारात बदल कळवण्याची अट घालावी. स्ट्रेन, माध्यम, पेशी फोडण्याची पद्धत, सौम्यक किंवा उत्पादनस्थळ यांपैकी काहीही बदलण्याआधी पुरवठादाराने लेखी कळवले पाहिजे. स्ट्रेन बदलला तर दुसऱ्या टप्प्यापासून, माध्यम किंवा प्रक्रिया बदलली तर पाचव्यापासून आणि आपल्याकडे नवा पदार्थ सुरू झाला तर पहिला, चौथा आणि नववा टप्पा पुन्हा करावा. आलेल्या प्रत्येक बॅचचा मोहोरबंद नमुना, त्याच्या प्रमाणपत्रासह, त्या एन्झाइमपासून बनलेल्या शेवटच्या पाकिटाची मुदत संपेपर्यंत शीतपेटीत ठेवावा.